वाया जाणाऱ्या पाण्याची नळी

आमच्या घरी पाण्याचा आरओ फिल्टर बसला त्या दिवशी मी इतकी हवेत होते की मेकॅनिकला दोनदा चहा दिला आणि दोन्ही वेळा साखर घालायला विसरले. बिचाऱ्यानं दोन्ही कप संपवले. भिंतीला ड्रिल लागलं, ओट्यावर विटेचा लाल भुगा पडायला लागला आणि एरवी पिठाचा कण दिसला तरी फडकं घेऊन धावणारी मी त्या भुग्याकडे कौतुकानं बघत उभी राहिले.

माझं माहेर बीडजवळच्या पालीचं. बिंदुसरा धरणाच्या पाण्यावर वाढलेली मी, लग्न होऊन तेलगावला आले आणि इथल्या बोअरच्या पाण्यानं माझी चांगलीच जिरवली. डाळ शिजता शिजेना, साबणाला फेस येईना, घासलेल्या भांड्यांवर पांढरे डाग आणि केसांचा नुसता झाडू. नवी नवरी असताना मी एकदा चहा केला. मला तो घशाखाली उतरेना आणि नवरा म्हणाला, "मस्त!" तेव्हा कळलं, या माणसाला चांगला चहा म्हणजे काय हेच ठाऊक नाही. मला आधी राग आला, मग दया आली, मग हसू आलं. माझं सगळं याच क्रमानं होतं.

पण फिल्टर आणला तो चहासाठी नाही, मामांसाठी. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाच म्हणतात. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. मी या घरात आले तेव्हा परकेपणानं अवघडून बसायचे, तर मामा मुद्दाम स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायचे आणि कापसाच्या, उसाच्या, म्हशीच्या गप्पा मारायचे. त्यांना माझ्याशी बोलायचं होतं असं नाही, मी बोलावं म्हणून ते बोलायचे. या माणसावर माझा फार जीव आहे, हे सरळच सांगते.

आणि या माणसाला मुतखडा झाला. आधी दोनदा होऊन पडून गेलेला, पुन्हा झाला. सहा फुटी माणूस अंगणात गडाबडा लोळला. बीडच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं, "खडा अजून लहान आहे. पाणी चांगलं प्या आणि भरपूर प्या, पडून जाईल. नाही पडला तर ऑपरेशन."

चांगलं पाणी एकवेळ आणता येईल. पण भरपूर? मामांना? दुष्काळात टँकरच्या रांगेत उमर गेलेला माणूस तो, तहान लागली तरी दोन घोट घेऊन तांब्या खाली ठेवणारा. आंघोळ दगडावर बसून, म्हणजे पाणी पपईला जातं. हात धुणार कढीपत्त्याच्या आळ्यात. पाहुण्यानं पेल्यात पाणी उरवलं, की पाहुण्याची पाठ वळायच्या आत ते म्हशीच्या बादलीत. आमच्या घरातल्या पाण्याला मामांच्या परवानगीशिवाय गटार दिसत नाही.

तर मेकॅनिकनं मशीन भिंतीला टांगलं, पाइपांना पांढरी टेप गुंडाळली आणि समजावून सांगायला लागला. ही नळी बोअरचं पाणी आत न्यायची, हा नळ गोड पाण्याचा, आणि ही तिसरी नळी वेस्टची.

"कशाची?" मामांनी विचारलं.

"वेस्टची, बाबा. खराब पाणी हितून भाईर जातं."

मामांनी त्या नळीखाली ओंजळ धरली. ती भरायला वेळच लागला नाही. "आन् गोड पाणी किती म्हनलास?"

"गोड एक तांब्या निघालं तर हे दोन-तीन तांबे जातंय बगा."

मामांचा चेहरा असा झाला की मला वाटलं खडा पुन्हा हलला. त्यात मेकॅनिकनं भर घातली, की पहिली भरलेली टाकी प्यायची नाही, सगळी सोडून द्यायची.

"कावून?" मामा जवळजवळ ओरडलेच.

"नवं मशीन हाय, आतून धुऊन निघतं."

मामांनी ती पहिली टाकी थेंबाथेंबानं बादलीत धरली आणि म्हशीला धुतलं. आरओच्या पाण्यानं न्हालेली म्हैस तेलगावात तरी दुसरी नसावी. ती इतकी चमकत होती की नवऱ्यानं तिचा फोटो काढला.

संध्याकाळी मी मोठ्या हौशेनं गोड पाण्याचा पेला मामांपुढे धरला. त्यांनी हात जोडले. "पोरी, जवर त्या नळीतून पाणी वाया जातंय, तवर मी त्याचा घोटबी घेनार न्हाई." आणि माठातलं बोअरचं पाणी घेतलं. दोन घोट.

मला राग आला. दया यायला जरा उशीर लागला.

त्या दिवसांत नवऱ्यानं पाण्यातला खार मोजायचं मीटर आणलं. पेनाएवढं, टोक पाण्यात बुडवलं की आकडा दाखवतं. नुसत्या पाण्यासाठी ते वापरावं एवढा संयम माझ्यात नाही. मी बोअरमध्ये बुडवलं, माठात बुडवलं, ताकात बुडवलं, चहात बुडवलं. नवरा ताप आला म्हणून झोपला होता, तेव्हा मी मीटर घेऊन त्याच्याकडे वळले तर तो उठून बसला. गल्लीत बातमी पसरली आणि बायका पत्रिका दाखवायला यावं तशा आपापल्या बोअरचं पाणी तांब्यात घेऊन यायला लागल्या. शेजारच्या काकूंचा आकडा सगळ्यांत मोठा निघाला. त्यांनी पदर खोचून सगळ्यांकडे असं बघितलं, जणू बक्षीसच लागलं.

इकडे मामा उंबऱ्यावर बसून त्या नळीकडे बघत होते. पाणी बादलीत धरून आम्ही फरशी पुसायचो, तरी त्यांचं समाधान होईना. एक दिवस ते शेतातून रिकामा निळा ड्रम घेऊन आले. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर लोखंडी घोड्यावर, म्हणजे उंच स्टँडवर, तो ठेवला, बोअरच्या पाण्यानं भरला आणि फिल्टरला पाणी त्यातून दिलं. मग ती वेस्टची नळी खिडकीतून बाहेर काढून त्याच ड्रममध्ये सोडली.

"आता सांगा, पानी कुठं गेलं?" कमरेवर हात ठेवून त्यांनी विचारलं. "कुठंबी न्हाई!"

आम्ही दोघं बघतच राहिलो. नवरा पदवीधर, मी पदवीधर, आणि आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. नवरा म्हणाला, "आबा, कंपनीवाल्यांना कसं सुचलं न्हाई हे?" मामांनी गोड पाण्याचा तांब्या भरून घेतला आणि वरून, ओठ न लावता, घटाघटा अख्खा संपवला. माझा जीव भांड्यात पडला. मी त्या आनंदात गुळाच्या पोळ्या केल्या, त्याही ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर.

त्यानंतरचे दिवस फार सुखाचे. ड्रम फारसा रिकामाच होईना. गोड निघालं तेवढंच बोअरचं पाणी वर घालायचं, की झालं. मामा गल्लीतल्या माणसांना आणून ड्रम दाखवायचे. आणि पाणीही मनापासून प्यायचे. एकदा मला म्हणाले, "पयलं पयलं ह्या पान्याला चवच नव्हती. आता बग, आली का न्हाई चव?"

मलाही वाटलं, आली खरी. मग एक दिवस डाळ शिजेना. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देतोय आणि डाळ आपली टणक. मशीनचा आवाजही वेगळा, दमेकऱ्यासारखा. ड्रमच्या काठाला पांढरा थर धरलेला. मी कोनाड्यातून मीटर काढून गोड पाण्यात बुडवलं, तर आकडा बोअरच्या पाण्याएवढा! मीटर बिघडलं असेल म्हणून ड्रममध्ये बुडवलं. आकडा चार आकडी झाला आणि चढतच गेला. काकूंचं बक्षीस केव्हाच मागे पडलं.

मी तिथेच घोड्याला धरून खाली बसले. डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. गोड पाणी तेवढं आम्ही पिऊन संपवत होतो आणि सगळा खार परत ड्रममध्ये. वरून पुन्हा खारं पाणी ओतत होतो. ज्या पाण्यापासून मामांना वाचवायचं, त्याचंच आम्ही घरच्या घरी लोणचं घातलं होतं.

मामांना सांगितलं, तेव्हा त्यांनी ड्रमच्या काठावरचा पांढरा थर नखानं खरवडून बघितला. मग म्हणाले, "म्हंजी मला चव आली ती..." आणि मला हसू फुटलं. ते आवरेना. नवरा आत आला, ऐकून तोही भिंतीला टेकून हसायला लागला. शेवटी मामाही हसले, पण ते हसणं अर्ध्यावरच राहिलं.

मशीनमधला मेम्ब्रेन गेला होता, म्हणजे खार अडवणारा गाभाच. मेकॅनिकनं तो काढून हातात धरला आणि म्हणाला, "ताई, लई घरं फिरलो, पन टाकून दिलेलं पानी मशीनला पुन्ना पुन्ना पाजलेलं ह्येच घर." त्यानं नवा टाकला, नळी खिडकीबाहेर मोकळी सोडली. आणि मामा पुन्हा माठाकडे वळले. दोन घोट.

मी विनवण्या केल्या. ऑपरेशनची भीती घातली. मग चिडून अळणी भाजी केली. तीही त्यांनी मुकाट्यानं खाल्ली आणि मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्री कधी कधी ते कमरेला हात लावून कूस बदलायचे, ते मला ऐकू यायचं. हा माणूस पाण्याच्या मायेपायी स्वतःचा जीव धोक्यात घालतोय, असं वाटून मला रडू यायचं.

ऊन वाढलं तशी गल्लीतली बोअरं आटली. काकूंचं सगळ्यांत आधी. आमच्या बोअरनंही गुळण्या टाकायला सुरुवात केली, घरापुरतं कसंबसं निघायचं. काकू भिंतीवरून डोकावून मामांना म्हणाल्या, "दादा, ते नळीचं पानी मला धरू देता का? भांड्याला कसलंबी चालतंय मला."

मामा ताडकन उठले. धुऊन ठेवलेला निळा ड्रम स्वतः उचलून भिंतीला लावला आणि नळी त्यात सोडली. काकूंची भांडी निघाली. दुसऱ्या दिवशीही निघाली. मग एक दिवस दुपारी काकूंचा आवाज आला, "दादा, ड्रम कोरडा हाय की! मशीन बिगडली का?"

मामा धावत आत आले. मी सांगितलं, "मामा, बिघडली नाही. आतली टाकी भरली की ती आपोआप बंद होते. गोड पाणी कुणी काढलं, तरच ती पुन्हा सुरू होणार आणि तरच नळीला पाणी येणार."

"मंग काढ की."

"काढून काय करू? दोन घागरी भरून ठेवल्यात. हे आहेत दिवसभर कामावर आणि मी पिऊन पिऊन किती पिणार? आणि प्यायचं गोड पाणी भांड्यांना घातलेलं तुम्हाला चालेल का?"

मामा मशीनकडे बघत राहिले. बाहेरून काकूंनी रिकामी बादली आपटली. मामांनी तांब्या घेतला, नळाखाली धरला, भरला आणि वरून घटाघटा रिकामा केला. पुन्हा भरला. मशीन घरघरलं आणि भिंतीपलीकडून काकू ओरडल्या, "आलं, आलं!"

मी तोंडात पदर कोंबून आतल्या खोलीत पळाले.

पुढं ते रोजचंच झालं. काकूंच्या भांड्यांची वेळ झाली की मामा तांब्या घेऊन नळाशी उभे. काकूंकडे पाहुणे आले तर बिचाऱ्यांचे हाल, पुन्हा पुन्हा तांब्या भरायला लागायचा. काकू भिंतीवरून हक्कानं दटावायच्या, "दादा, अजून कढई राह्यलीय!" आणि मामा बाहीनं मिशा पुसत म्हणायचे, "पितो की, बाई. दम धर जरा." त्यांच्या कण्हण्याचा आवाज कधी थांबला, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

पाऊस लागायच्या आधी आम्ही त्यांना बीडला तपासायला नेलं. डॉक्टरांनी पोटावरून यंत्र इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं, कुशीवर वळवून फिरवलं. खडा कुठेच नव्हता. मी खुर्चीतच रडायला लागले, आणि रडता रडता हसायला.

डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "वा, आजोबा! माझं ऐकलंत तर. भरपूर पाणी प्यालात ना?"

मामा बंडीची बटणं लावत उठून बसले.

"तुमचं कशाला आईकतो, डाक्टर?" ते म्हणाले. "आमच्या शेजारनीला भांड्याला पानी नव्हतं."