वरवंटा, दादा आणि सकाळची गाडी

आमच्या दादाला पळायला मी शिकवलं. कुठे थांबायचं, तेवढं शिकवायचं राहून गेलं.

पिंपरीला तेव्हा नुकते कारखाने उभे राहत होते. दादा त्यातल्या एका कारखान्यात फिटर होता आणि आम्ही दापोडीला, स्टेशनाला लागूनच दोन खोल्यांत राहायचो. दादाचा हात कामाला पक्का, पण पाय मंद. आठवड्यातून एकदा तरी सकाळची गाडी त्याच्या डोळ्यांदेखत निघून जायची आणि अर्ध्या दिवसाचा खाडा पडायचा. ही कीर्ती नेमकी नको तिथे, म्हणजे चाकणला पोचली. तिथल्या गेनूभाऊंची थोरली मुलगी दादा पाहून आला होता आणि तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

"पोरगा ग्वाड हाय," गेनूभाऊ आईला म्हणाले, "पर गाडी चुकवतो म्हनं. आमच्यात कांदा काढायला उशीर झाला तर समदं पीक नासतं, ताई. सुस्त जावई न्हाई परवडायचा."

आईचा चेहरा उतरला. दादाचा तर पार पडला. (मला वेगळीच काळजी होती. मुलगी बघायला दादाबरोबर मीही गेलो होतो; तिथे पोहे आणून देणारी त्यांची धाकटी मला आवडली होती, पण ते अजून फक्त मलाच माहीत होतं.) मी एकदम बोलून गेलो, "कारखान्याच्या खेळांत दादा शर्यतीत पळणार आहे. तुम्ही बघायलाच या."

"कोण, मी?" दादानं विचारलं.

व्यायामशास्त्रातला माझा अधिकार एवढाच, की शाळेत ड्रिल मास्तरांची भाषणं मी जागेपणी ऐकली होती. तीन तत्त्वं पाठ होती. भार हळूहळू वाढवावा, जे करायचं त्याचाच सराव करावा, आणि पुरेशी विश्रांती घ्यावी. यातलं तिसरं दादाला ताबडतोब पटलं.

पहिल्या तत्त्वासाठी मी त्याच्या डब्याच्या पिशवीत दगड टाकू लागलो. आज लहान, उद्या जरा मोठा. अंगणातले दगड संपले तेव्हा आमचा वरवंटा टाकला. आई मिरच्या, खोबरं घेऊन पाट्यापुढे बसली होती.

"अरे, वरवंटा कुठं गेला?"

"कामावर," मी म्हणालो.

दुसरं तत्त्व अवघड होतं. मैदानात नेलं की दादा गवतात बसायचा. म्हणून मी त्याची शर्यत गाडीशीच लावली. सकाळी तो तयार झाला की मी त्याला दारात दंडाला धरून ठेवायचो. सिग्नल पडला तरी सोडायचो नाही. गाडीची शिट्टी झाली, की सोडायचो! मग दादा वरवंट्यासकट जिवाच्या आकांतानं पळायचा आणि शेवटचा डबा धरायचा. हे बघायला सगळी चाळ दात घासत बाहेर उभी असे. काही दिवसांनी गाडी चुकेनाशी झाली.

कारखान्याच्या आवारात नव्या इमारतीच्या पायाचे खड्डे खणलेले होते, म्हणून खेळ दापोडी स्टेशनामागच्या पटांगणात भरले. मला हा शुभशकुनच वाटला. रविवार होता. गेनूभाऊ नवा फेटा बांधून दोन्ही मुलींसह आले. दादाचं धोतर आणि सदरा हातावर टाकून मी मोठ्या उस्तादासारखा शर्यत संपते तिथल्या दोरीजवळ उभा राहिलो.

वरवंटा नसल्यामुळे दादा असा सुटला, की बाकीचे फिरायला आल्यासारखे दिसू लागले. दोरी अगदी समोर आली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि पलीकडे गाडीनं शिट्टी दिली.

दादा दोरीसमोरून डावीकडे वळला. कुंपणाच्या तारेखालून गेला, फलाटावर चढला आणि शेवटचा डबा धरून पिंपरीला निघून गेला. अंगावर अर्धी चड्डी आणि छातीवर नंबर.

"दादा, धोतर तरी ने!" म्हणत मी मागे धावलो. डबा हाताशी आला होता, पण तेच धोतर माझ्या पायात आलं आणि मी फलाटावर सपशेल आडवा झालो.

परत आलो तेव्हा माणसं पोट धरून हसत होती. आईनं पदरात तोंड लपवलं होतं. लग्न मोडलं, मी मनाशी म्हटलं. गेनूभाऊ फेटा सावरत उठले.

"ताई, आज कारखान्याला सुट्टी ना?"

"हो," आई पुटपुटली.

"सुट्टीच्या दिशी, हातातलं बक्षीस सोडून, चड्डीवर जो गडी कामाची गाडी धरतो, त्याला सुस्त कोन म्हनंल? पोरगी दिली."

इतका आनंद आमच्या घरात त्याआधी कधी झाला नव्हता. दादा परतीच्या गाडीनं, कारखान्याच्या रखवालदाराचं घोंगडं गुंडाळून आला आणि त्यानं आधी विचारलं, "मी कितवा आलो?"

लग्न थाटात झालं. पुढे धीर करून आईनं धाकटीचा विषय काढला. गेनूभाऊंनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"थोरल्यानं गाडी धरली, ह्ये म्या माज्या डोळ्यांनी बगितलं," ते म्हणाले. "आन ह्याची चुकली, त्ये बी बगितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं मला दारात दंडाला धरून ठेवलं. माझ्या खांद्यावर पिशवी होती आणि आई आत वरवंटा शोधत होती.