किलतानात शिवलेली ट्रंक

वहिनींचा फोन आला तेव्हा मी उंब्रजच्या स्टँडवर चहा पीत होतो. "भाऊजी, तुमचा ब्रिगेडियर गेला..." एवढंच बोलल्या. त्याला महिना झाला. त्या टपरीवर अजून बसवत नाही.

लोकांना तो ब्रिगेडियर, मला संपत. आमची शेतं बांधाला बांध लागून. शाळेत एका बाकावर बसलो, मग तो फौजेत अधिकारी झाला आणि मी उसात राहिलो. आमच्या गावात घरटी एक जवान, पण अधिकारी तो पहिलाच. त्यामुळे त्याच्या बढतीची काळजी त्याच्यापेक्षा गावालाच फार. त्याची काळी पत्र्याची ट्रंक उंब्रजच्या बाबूभाई पेंटरकडे रंगायची. कॅप्टन झाला, मेजर झाला, की जुना हुद्दा पुसून नवा लिहायचा आणि हलगी लावून ट्रंक बैलगाडीतून घरी आणायची. नवरदेवाचा थाट त्या ट्रंकेला!

सत्तरच्या दशकात एकदा तो सुट्टीवर आला. बोलता बोलता म्हणाला, "बढतीला नाव गेलंय रं. बघू." मला तेवढं पुरे झालं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! त्याची सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी गुपचूप ट्रंक पळवली आणि 'लेफ्टनंट कर्नल' लिहून घेतलं. हलगीसकट गाडी त्याच्या दारात आणली, तर संपत पायरीवर बसलेला, हातात पलटणीतल्या मित्राचं पत्र. यादीत त्याचं नाव नव्हतं. हलगी आपोआप थांबली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"आत्ता पुसून आणतो," मी म्हणालो.

"रंग वला हाय. समदं बरबटंल," तो म्हणाला. मग हळूच, "न्हाईतरी राजीनामाच द्यावा म्हन्तोय गड्या. तुज्यासारखा ऊस करतो."

मला राग आला. "तुला खुरपं धरता येत न्हाई, ऊस काय करतूस? गप जा. दोन वर्सांनी हुशील."

न मिळालेला हुद्दा मिरवत पलटणीत जायचं कसं? गुळाच्या ढेपांचं जुनं किलतान, म्हणजे गोणपाट होतं, ते पहाटे रंग वाळल्यावर मी झाकण मोकळं ठेवून दाभणानं ट्रंकेभोवती शिवलं. पंधरा दिवसांनी त्याचं पत्र आलं : 'पोचलो. मुंग्या माझ्याआधी हजर झाल्या. राजीनामा लिहिला नाही.' ते पत्र वाचून मी हसलो आणि रडलोही.

पुढच्या बढतीच्या वेळी तो यादीत आला. सुट्टीवर आला तो ट्रंक घेऊन थेट बाबूभाईंच्या दुकानात. किलतान तसंच. मी टाके उसवले. बाबूभाई कुंचला घेऊन तयार, पण अक्षरं अगदी कोरी करकरीत. "आवं सायेब, माजं काम तर आदीच झालंय," म्हणून ते कितीतरी वेळ हसत राहिले.

नंतर तो कर्नल झाला, ब्रिगेडियर झाला. दर वेळी हलगी वाजली, पण ट्रंकेला त्यानं कुंचला लावू दिला नाही. एकदा मी फारच मागे लागलो, तेव्हा म्हणाला, "मला भरवसा नव्हता तवा तू लिवलंयस. ते पुसायचं न्हाई."

गेल्या आठवड्यात वहिनींनी ट्रंक माझ्याकडे पाठवली. आत किलतानाची नीट घडी होती. मी ते झटकून परत ठेवलं. ट्रंक आता माझ्या ओसरीवर आहे. येणारा-जाणारा वाचतो आणि विचारतो, "ब्रिगेडियर नव्हतं व्हय तुमचं दोस्त?"

"होता की," मी म्हणतो. "पर ह्यो हुद्दा त्याला मी दिलाय."