सूर्य बुडाल्यावरचा रंग

"आभाळ खोटा बोलणा नाय, चुकता तो वाचणारो," असं दाजी तांडेल नेहमी म्हणत. मालवणच्या उत्तरेकडे आमची वाडी. तिथल्या होड्या त्यांच्या शब्दावर पाण्यात उतरत. त्यांनी 'थांबा' म्हटलं की कोणी वल्हं उचलत नसे. पुन्हा सोडताना थांबवणाऱ्यानंच प्रत्येक होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हात लावून 'जावा' म्हणायचं, अशी रीत.

त्रेसष्ट सालची गोष्ट. नारळी पौर्णिमा होऊन महिना झालेला, बांगडा किनाऱ्याला लागलेला. पण सूर्य बुडून पाऊण तास झाला तरी पश्चिम जांभळी-तांबडी राही. असा रंग दाजींनी आयुष्यात एकदाच पाहिला होता, आणि त्यामागून तुफान आलं होतं. त्यांनी सगळ्या होड्या थांबवल्या.

चार दिवस पान हललं नाही. शेजारची तुळसा अंगणात येऊन उभी राहिली. तिचा नवराही थांबलेल्यांतलाच.

"दाजी, तुमचो वारो खंय रवलो?"

"येतलो गो."

"येयत तेव्हा येयत. तवसर पोरांक काय वाढू? तांबडा आभाळ?"

दाजी संध्याकाळी शाळेत गेले. भिकाजी मास्तरांकडे मुंबईचं वर्तमानपत्र येई.

"हा वारा नव्हे, दाजी," मास्तर म्हणाले. "दक्षिणेकडे एका बेटावर डोंगर फुटलाय."

"कधी?"

"उन्हाळ्यात."

"मगे धूर इतके म्हयने रवता? काजू भाजल्याचो सांजेक विरता."

"राख पडली खाली. पण डोंगरातली गंधकाची हवा ढगांच्याही वर गेली. तिथं ऊन आणि थोडी वाफ मिळून तिचे थेंब झाले, डोळ्यांना न दिसणारे. तिथं पाऊस नाही, त्यांना धुऊन खाली कोण आणणार? वर्ष-दोन वर्षं तरंगतील. आपला सूर्य बुडतो, पण तेवढ्या उंचावर ऊन असतंच. ते थेंबांवर पडतं, तोच हा रंग."



सकाळी दाजींनी सगळ्यांना किनाऱ्यावर बोलावलं. "माजी वाचणी चुकली. चार दिस तुमच्या ताटातले गेले, ते माज्यामुळे." पहिला हात त्यांनी तुळसाच्या होडीला लावला. "जावा."

होड्या एकामागून एक गेल्या. "बसा दाजी, पेज घेवा," तुळसा म्हणाली.

"मगे. वाऱ्याचो रंग आणि ह्यो रंग वेगळो कसो वळखायचो, ता मास्तरांक विचारूक व्हया."

वहाणा हातात घेऊन ते ओल्या वाळूवरून शाळेकडे चालू लागले. सुरूच्या झाडांआड दिसेनासे होईपर्यंत तुळसा, टोपली कमरेवर घेऊन, त्यांच्याकडे बघत उभी होती.