बाभळीचं टेबल

लकवा मारल्यापासून आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जमिनीवर बसता येईना. उजवी बाजू गेलेली. त्या हाताला चटका बसला तरी कळायचं नाही. आम्ही सगळे आत पंगतीला आणि ते बाहेर बाजेवर, भिंतीकडं तोंड करून एकटेच जेवणार. मला ते बघवेना. म्हणून बांधावरची बाभूळ पाडली. एकत्र बसून जेवता येईल असं टेबल करायचं ठरवलं.

आरा मशीनवाल्यानं बजावलं होतं, फळ्या वर्षभर सावलीत वाळू द्या. आबांना कुठला दम! "तवर मी ऱ्हाईन का न्हाई?" म्हणाले. कुरुंद्याहून हळद शिजवायचा कुकर शेतात आला होता. मी कामावर गेल्याचं बघून त्यांनी गड्याकरवी फळ्या त्या कुकरच्या जाळाशेजारी उभ्या करवल्या. "उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग," आई म्हणाली. हळद शिजून होईस्तोवर फळ्यांचे पापड झाले होते.

संताप आला, पण काढणार कुणावर? गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये रोज संध्याकाळी रंधा मारत बसायचो. फळी फरशीवर ठेवली की डुगडुगायची. वर आलेला कोपरा तासायचा, पुन्हा ठेवायची, पुन्हा डुगडुग. सपाट केलेली फळी सकाळी परत वाकलेली. बाभळीचं लाकूड आणि आमच्या घराण्यातली माणसं, एकदा वाकडी झाली की सरळ होत नाहीत. भुसा वाढला, फळ्या बोटभर जाडीच्या उरल्या. तिकडं आबाही वाळत चालले होते, औषधाचा गुण येत नव्हता. टेबल झालं तरी उशीरच होणार, हे मला कळून चुकलं होतं. तरी रंधा सोडला नाही, कारण बाजेजवळ जाऊन बसणं त्याहून अवघड होतं.

शेवटी कडा घासून, डिंक लावून फळ्या शिकंज्यात आवळल्या. शिकंजा काढला आणि थोड्याच दिवसांत मधला सांधा उकलला. नख जाईल एवढी फट.

तसंच टेबल आत आणलं. आबांना धरून खुर्चीत बसवलं, भोवती आम्ही. दोन घासांतच त्यांची मान कलली. ते पुन्हा इथं बसणार नाहीत, हे सगळ्यांनाच दिसलं. मी त्या फटीकडं बघत होतो. आबांनी ते पाहिलं. चांगल्या डाव्या हातानं त्यांनी लुळा उजवा हात उचलला, फळीवर ठेवला आणि ओढत ओढत सांध्यावरून नेला.

"बराबर झालंय," म्हणाले. "सांधा हाताला लागत न्हाई."

"व्हय," मी म्हणालो.