शब्द कोणाचे, हे लिहिताना

गोरबोलीचं, म्हणजे आमच्या बंजारा बोलीचं, लेखन तपासणारा एक छोटा प्रोग्राम मी लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला करून टाकला. फुकट. आर्णीजवळच्या आमच्या तांड्यावर बसून जगावर एवढे उपकार केले, आता कौतुकाचा पूर येणार, अशी माझी खात्री होती. आला एक मेल.

परदेशातले एक गृहस्थ लेखनाचं मोठं सॉफ्टवेअर सांभाळायचे. माझा प्रोग्राम त्यांना त्यात घ्यायचा होता, पण माझ्या एकाही फाईलवर वापराचा परवाना लिहिलेला नव्हता. मुख्य पानावर आहे की, मी कळवलं. त्यांनी अतिशय नम्रपणे समजावलं: फायली सुट्या होऊन कुठंही जातात, म्हणून प्रत्येकीच्या माथ्यावर दोन ओळी हव्यात. मालक कोण, आणि परवाना कोणता.

फायली दोनशेच्या वर. मी हुशार असल्यामुळे हे काम यंत्राला सांगितलं. यंत्र माझ्याहून हुशार. त्यानं शब्दांच्या याद्यांवरही त्या ओळी डकवल्या, आणि ‘कॉपीराइट’ हा अस्सल गोरबोली शब्द असल्याचा निर्वाळा माझा प्रोग्राम देऊ लागला.

मग सगळं पुसून हातानं लिहायला बसले. याडी, म्हणजे माझी आई, शेजारी तूर निवडत होती.

“काय करून राह्यली व सकाळपासून?”

“हरेक फाईलवर लिहून राह्यली, का हे माहं आहे आन् कोनीही घ्या.”

“कोनीही घ्या, तं माहं कायले लिहतं?”

या प्रश्नावर जगातले मोठमोठे वकील पोट भरतात. मी तो ऐकलाच नाही असं दाखवलं.

“आन् शब्द कोनाचे?” तिनं विचारलं.

“शब्द...”

“शब्द तं मी सांगतले. अर्धे मावशीनं.”

खरंच होतं ते. वर्षभर मी त्या दोघींच्या मागे वही घेऊन फिरले होते, आणि मालक म्हणून बिनदिक्कत स्वतःचं एकटीचं नाव ठोकत होते. शब्दयादीच्या जोडीला परवान्याची वेगळी फाईल ठेवतात, तिच्यात मी दोघींची नावं घातली.

बातमी तांड्यात पसरली. शेजारणीनं एकच शब्द दिला होता, तीही नाव लावून घ्यायला आली. मावशीनं बाभुळगावहून फोन केला, “माहं नाव तुह्या याडीच्या खाली काहून?” शेवटी नावं अक्षरांच्या क्रमानं लावली. सगळ्यांत वर शेजारीण गेली. मावशी दोन दिवस बोलली नाही.

मी याडीला पडद्यावर तिचं नाव दाखवलं. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

“कुठी आहे?”

मी नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं. गोरबोलीच्या रक्षणासाठी झटणारी मी! याडीला अक्षरं जुळवून देवनागरी तेवढं वाचता येतं. तेव्हाच तिच्यासमोर तिघींची नावं इंग्रजीच्या खाली देवनागरीतही लिहिली. तिनं बोट ठेवून आपलं वाचलं, मग मावशीचं, आणि पुन्हा तुरीकडे वळली.

फायली पाठवल्यावर गृहस्थांनी सगळं मान्य केलं. फक्त विचारलं, ही खालची चिन्हं काय आहेत, काढता येतील का?

मी लिहिलं, “ती मालकांची नावं आहेत. हवं तर इंग्रजी काढा.”

त्यांनी दोन्ही ठेवली.