निदान बिडी

स्कूटरसाठी नाव नोंदवलं तेव्हा मी ब्रह्मचारी होतो. नंबर लागला तेव्हा लग्नाला चार वर्षं झाली होती, नोकरी बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात होती आणि आपल्याला स्कूटर हवी होती हेच मी विसरून गेलो होतो. साठीच्या दशकात स्कूटर विकत घेता येत नसे. ती यायची तेव्हा येई, आपण फक्त जिवंत राहायचं.

आल्यावर ती दोन महिने व्हरांड्यात उभी राहिली. मी रोज तिला पुसत असे. सोबत मिळालेलं इंग्रजी पुस्तक मी तीनदा वाचलं. प्लग कधी काढून घासावा, पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळावं, ब्रेकच्या तारेला थेंबभर तेल नेमकं कुठे द्यावं, हे मला तोंडपाठ होतं. येणाऱ्याजाणाऱ्यांना मी ते सांगतही असे. चालवत का नाही, असं फक्त बायको विचारायची.

"अजून पहिल्या पाचशे मैलांचं प्रकरण नीट समजून घेतोय," मी म्हणायचो.

"उभ्या उभ्या?"

मग तिला नोकरी लागली. पुण्यात ती शाळेत गणित शिकवायची. माझ्या बदलीपायी ते सोडून ती इथे आली आणि दोन वर्षं मल्लेश्वरमच्या त्या घरात घरमालकीण अक्कांबरोबर शेंगा सोलत, कानडी शिकत बसली. आता छावणीच्या बाजूला मुलींच्या एका शाळेत जागा निघाली होती. घंटा आठची. तिने दोन दिवस बसने जाऊन पाहिलं. दोन बसगाड्या बदलून एकदा आठ पंचवीसला पोचली, एकदा पावणेनऊला. मुख्याध्यापिकाबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की उशिरा येणाऱ्या मुलींना त्या फाटकाबाहेर उभं करतात आणि शिक्षिकांच्या बाबतीत त्यांचं मत वेगळं नाही.

शाळा सुरू व्हायला पंधरा दिवस होते. माझा कारखाना पुढे त्याच रस्त्याला. म्हणजे मी त्या पंधरा दिवसांत स्कूटर शिकून लायसन्स काढलं तरच तिची नोकरी राहणार होती.

"ही गेली तर मी पुन्हा कुठे अर्ज करणार नाही," ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली. मोठ्याने म्हणाली असती तर मला कमी धास्ती वाटली असती.

गल्लीच्या टोकाला एका मेस्त्रींचं गॅरेज होतं. पन्नाशीचे गृहस्थ, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, हाताला कायम ग्रीस. त्यांना कानडी येत होतं आणि स्कूटरच्या भागांची इंग्रजी नावं. मला इंग्रजी येत होतं आणि स्कूटरच्या भागांची इंग्रजी नावं. एवढ्या भांडवलावर शिकवणी ठरली. पैशाचं विचारलं तर त्यांनी दोन्ही कानांना हात लावले आणि आकाशाकडे बोट दाखवलं. दुरुस्तीचे घेईन, विद्येचे घेणार नाही, असा त्याचा अर्थ अक्कांनी सांगितला. मला हे फार अवघड वाटलं. फुकट शिकवणाऱ्यासमोर माणसाला चुकायचीही चोरी होते.

बायकोची एक अट होती. डोक्यावर काहीतरी घालायचं. त्या काळी बंगळूरमध्ये हेल्मेट घालून स्कूटर चालवणारा माणूस मी पाहिला नव्हता. लोक टोपी घालत, ती उन्हासाठी. मी कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे गेलो. त्याने मस्तक या अवयवाच्या महत्त्वावर अर्धा तास व्याख्यान दिलं आणि मग हेल्मेट देता येणार नाही असं सांगितलं. कामगारांची हेल्मेटं फाटकाबाहेर नेण्यास नियमाने बंदी होती. बराच शोध घेतल्यावर असं निघालं की पाहुण्यांच्या हेल्मेटांबद्दल नियमात काहीच नाही, कारण पाहुणा ते घेऊन जाईल असं नियम करणाऱ्यांच्या मनातच आलं नव्हतं. तीन प्रतींत अर्ज केल्यावर मला एक पिवळं हेल्मेट मिळालं. त्यावर पुढच्या बाजूला ठळक इंग्रजी अक्षरांत 'व्हिजिटर' असं लिहिलेलं होतं.

ते दोन बोटं सैल होतं. बायकोने माझ्या डोक्याला आणि कानांना मफलर गुंडाळला, वर हेल्मेट ठेवलं आणि हनुवटीखाली परकराच्या नाडीने घट्ट बांधलं. मे महिना होता. अक्का पायरीवर येऊन म्हणाल्या, "स्वल्प सैल करा हो, जीव जाईल." अक्कांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. त्यांचं मराठी मला साधारण निम्मं कळायचं आणि मफलरमधून पाव.

रेल्वेच्या रुळांजवळ एक मोकळं मैदान होतं. मेस्त्री किक मारून द्यायचे, मी बसायचो, डाव्या मुठीत क्लच दाबून पहिला गिअर टाकायचो. मग ते शेजारी वाकून हातवारे करत म्हणायचे, "क्लच... निधान... बिडी."

आता कानाला मफलर असलेल्या पुणेकर माणसाने यातून काय समजावं? मी समजलो ते असं. मेस्त्री म्हणताहेत, निदान बिडी. पैसे घेत नाही, हे खरं. पण इतका वेळ उन्हात उभं करता, तर निदान एक विडी तरी द्या. मागणं रास्त होतं. 'विडी'चं 'बिडी' का झालं याचाही मी विचार केला. कानडीत 'व'चा 'ब' होतो असं मी कुठेतरी वाचलेलं होतं. वाचनाचा असा उपयोग झाला की मला फार बरं वाटतं. त्या आनंदात माझी मूठ एकदम उघडली, स्कूटर बेडकासारखी उडाली आणि इंजिन बंद पडलं.

दुसऱ्या दिवशी मी विड्यांचं एक बंडल नेलं. मेस्त्रींनी ते हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, दोन्ही हातांनी कपाळाला लावलं आणि खिशात ठेवलं. माणूस सज्जन, देणाऱ्यासमोर ओढत नाही, असं मी मनात म्हटलं. मग ते पुन्हा वाकले. "निधान बिडी."

स्कूटर उडाली. बंद पडली.

असे दहा दिवस गेले. रोज एक बंडल मी देत होतो आणि रोज मागणी वाढत होती. एका बेडूकउडीला ते दोनदा मागत, कधी चारदा. एकदा तर उडणाऱ्या स्कूटरमागे धावत, हात जोडून, "बिडी, बिडी, निधान बिडी" असं त्यांनी विनवलं. व्यसन माणसाला किती लाचार करतं, असं मी घरी आल्यावर बायकोला म्हणालो. ती भाकरी थापत होती. "कोणाबद्दल बोलताय?" तिने विचारलं. मी म्हणालो, जाऊ दे.

लायसन्सची परीक्षा शनिवारी होती. गुरुवारी बायको स्वतः मैदानावर आली आणि बाभळीखाली उभी राहून अर्धा तास पाहत राहिली. सहा उड्या, सहा वेळा इंजिन बंद. शेवटी मी खिशातून बंडल काढून मेस्त्रींना दिलं आणि आम्ही स्कूटर ढकलत घराकडे निघालो.

"त्यांना विड्या का देता तुम्ही?" तिने वाटेत विचारलं. "ते ओढत नाहीत. अक्का सांगत होत्या, सुपारीही खात नाहीत."

"मागतात म्हणून देतो."

"कधी मागतात?"

"तुझ्यासमोर मागत होते की सारखे. निदान बिडी, निदान बिडी."

ती थांबली. ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसली. पदर तोंडाला लावला आणि इतकी हसली की एक बैलगाडीवाला गाडी थांबवून, बाईंना काही होतंय का म्हणून विचारू लागला. त्यालाही तिने कानडीत काहीतरी सांगितलं. मग तोही हसला. मी व्हिजिटर हेल्मेट घालून स्कूटर धरून उभा होतो.

"निधान म्हणजे हळू," ती डोळे पुसत म्हणाली. "बिडी म्हणजे सोडा. क्लच हळू सोडा म्हणताहेत हो ते. दहा दिवस."

"मग विडीला काय म्हणतात?"

"बीडी. ती दीर्घ. ही ऱ्हस्व."

कारखान्याच्या मराठी मंडळाच्या फलकावरचे ऱ्हस्व-दीर्घ मी खडूने दुरुस्त करत असे. त्याबद्दल माझा दबदबा होता.

शुक्रवारी ती मेस्त्रींशी बोलली. विड्यांचं त्यांना काय वाटलं होतं तेही कळलं. मराठी लोकांत गुरूला विड्या देण्याचा रिवाज असेल असं समजून ते मुकाट्याने घेत होते आणि गॅरेजातल्या फळीवर, देवाच्या तसबिरीपासून जरा लांब, रचून ठेवत होते. आता त्यांनी ती सगळी बंडलं वर्तमानपत्रात बांधून माझ्या स्कूटरच्या डिकीत ठेवली. मग मी किक मारली, गिअर टाकला, आणि त्यांनी म्हटल्याप्रमाणे हळू सोडलं. स्कूटर लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. पाच वेळांत तीनदा निघाली. मेस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असेल, मफलरमुळे घाम कोणता ते सांगता येत नाही.

शनिवारी परीक्षेच्या मैदानात इन्स्पेक्टरसाहेब झाडाखाली बसले होते. टेबलावर हिरवी बनात, बनातीवर पितळी घंटी. ती ते दर दोन मिनिटांनी वाजवत. घंटी ऐकून कोणीही येत नव्हतं आणि याचं त्यांना काही वाटत नव्हतं. कडक इस्त्रीमुळे ते बसले तरी गणवेश थोडा उभाच राहत होता. बायको फाटकाबाहेर थांबली. तिच्या पिशवीत शाळेचं पत्र होतं. ते तिने का आणलं होतं, मी विचारलं नाही.

साहेबांनी माझ्या हेल्मेटवरची अक्षरं वाचली आणि तशीच मनात ठेवली. मग बगलेत फाइल धरून ते वाहनाची तपासणी करायला आले. दिवा पाहिला, हॉर्न वाजवून पाहिला, चाकाला बूट लावला. डिकी उघडायला सांगितली.

"इदेनु?" हे काय, एवढं मला कळलं.

"बिडी," मी म्हणालो. घाबरलेल्या माणसाचा उच्चार आखूड होतो.

साहेब ताठ झाले. उमेदवाराने आपल्याला 'सोडा हो' म्हणावं, हे त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच घडत असावं. त्यांनी डिकी धाडकन बंद केली, फाइल माझ्या मागच्या सीटवर टाकली आणि इंग्रजीत हुकूम केला, "आठचा आकडा."

मी आठ काढला. अगदी आठ नव्हता, पण पाचपेक्षा आठाला जवळचा होता. फाइल मागे तशीच होती, हे दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं. परत टेबलासमोर येऊन मी क्लच दाबून, पहिल्या गिअरमध्ये, इंजिन चालू ठेवून थांबलो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि हात झटकून म्हणाले, "सरी, बिडी."

ठीक आहे, राहू द्या, झालं, असा त्याचा अर्थ. मी पास झालो होतो. पण दोनच दिवसांपूर्वी मला 'बिडी'चा अर्थ कळला होता आणि यापुढे तो चुकवायचा नाही असा मी निश्चय केला होता. मी सोडलं. निधान सोडलं. माझ्या आयुष्यातली सर्वांत सुंदर सुरुवात ती. स्कूटर झाडाला, टेबलाला, घंटीला सुरेख वळसा घालून साहेबांची फाइल घेऊन फाटकाबाहेर पडली.

मागून आरडाओरडा ऐकू आला. "निल्सी, निल्सी." साहेब धावत होते. धावताना माणसाला इंग्रजी सुचत नाही. 'निल्सी' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. थांबवा. मेस्त्रींनी तो मला कधी शिकवला नव्हता, कारण तशी वेळच आली नव्हती. आमची स्कूटर आपोआप थांबायची.

बायकोला वाटलं, परीक्षा संपली आणि मी तिला न्यायला आलो. मी शेजारून चाललो तशी ती दोन पावलं बरोबर चालली आणि म्हणाली, "अहो, काय झालं?"

"झालं असं वाटतं. मागून काय म्हणताहेत?"

"थांबा म्हणताहेत."

मग मी दोन्ही ब्रेक लावले. स्कूटर जागच्या जागी मेली. इतक्या ताकदीने थांबायला साहेब तयार नव्हते, ते हेल्मेटला धरून थांबले. नाडी तुटली. त्यांची टोपी मागे रस्त्यात कुठेतरी पडली होती आणि इस्त्री पार मोडली होती. ते प्रथमच माणसासारखे दिसत होते.

बायकोने फाइल उचलली, पदराने पुसली, टोपी आणून दिली आणि कानडीत जे बोलली त्यात मला 'निधान', 'बिडी' आणि 'पुणे' एवढे शब्द ओळखू आले. ती बोलत असताना साहेब आधी माझ्याकडे रागाने पाहत होते, मग नुसतं पाहत होते, मग खाली पाहू लागले. त्यांचे खांदे हलत होते. तिने पिशवीतून शाळेचं पत्र काढून दाखवलं. ते त्यांनी घंटी वाजवायच्या गांभीर्याने वाचलं. मग रस्त्याकडेच्या एका दगडावर बसून त्यांनी फाइल उघडली, माझा फॉर्म शोधला आणि पेन काढलं. पण लिहिलं नाही. धापा टाकत, माझ्याकडे हात पसरून ते काहीतरी म्हणाले.

त्यातला एकच शब्द मला कळला. मी दोन्ही हात स्कूटरवरून काढले.

"काय सोडू आता?" मी बायकोला विचारलं.

"काही सोडू नका," ती म्हणाली. "विडी मागताहेत. दीर्घ होता."

मी डिकी उघडली. साहेबांनी एक विडी घेतली, दोन झुरके मारले आणि सही केली. सोमवारी आम्ही सात चाळीसला शाळेच्या फाटकाशी पोचलो. मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्या डोक्यावरची अक्षरं वाचली आणि शिपायाला सांगितलं की पाहुण्यांनी बाहेर बसावं. बायको आत गेली.