मावशीचे न वाकणारे गुडघे

आधीच सांगते, माझ्या सॅकमध्ये स्टेथोस्कोप सापडणार नाही, पण पत्रकं नक्की सापडतील. ‘सांधेदुखीच्या पुडीत काय असतं?’, ‘गुडघ्यावर डाग देऊन घेऊ नका’ – ही मीच लिहिलेली. सांगली जिल्ह्यात मेडिकलला आहे, शेवटचं वर्ष. या ग्रुपवर येणाऱ्या भुताखेतांच्या अनुभवांखाली सगळ्यात खवचट कमेंट बहुतेक वेळा माझीच असते. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय याचं ज्यांना हसू येईल त्यांनी खुशाल हसावं. फक्त शेवटपर्यंत वाचा, आणि कारण सुचलं तर सांगा. मला ते खरंच हवंय.

माझी मोठी मावशी म्हसवडच्या अलीकडे एका वस्तीवर राहते. पुढे फरशीची खोली, मागे सारवलेलं स्वयंपाकघर, वर पत्रा. तिला आमवात आहे, म्हणजे रुमॅटॉइड. या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते आणि सांधे खात जाते. वेळेत औषध सुरू केलं तर तो आटोक्यात राहतो. मावशीला काय मिळालं? आधी तापल्या सळईचे डाग. मग बाजारातली बिनलेबलची पुडी, जिच्यात गुपचूप स्टेरॉइड घातलेलं असतं... माणसाला चार दिवस बरं वाटतं आणि हाडं आतून पोखरत जातात. ती पुडी विकणारा अजून बाजारात बसतो, त्याचं कुणी काही वाकडं केलेलं नाही. आणि मावशीचे दोन्ही गुडघे सरळ धरले ते कायमचे. चालायची तर कंबर हेलपाटत, पाय काठीसारखे फिरवत. बहुतेक दिवस बाजेवरच.

आमच्या सरांनी तिचा एक्स-रे उजेडावर लावला आणि मला म्हणाले, “यात सांधा दाखव.”

मला दाखवता आला नाही. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामधली फट पूर्ण गेलेली. एका हाडाच्या रेषा थेट दुसऱ्यात उतरलेल्या.

“हा गुडघा नाही, खांब आहे,” सर म्हणाले. “कृत्रिम सांधे बसवू. पण मांडीचा पुढचा स्नायू आखडून वाळलाय. खुर्चीत बसता आलं तरी जिंकलो म्हणायचं.”

हे नीट लक्षात ठेवा. खांब वाकत नाही.

मे महिन्यात मी वस्तीवर गेले ती मावशीला ऑपरेशनला तयार करायला. दत्तादादा, म्हणजे तिचा मुलगा, म्हणाला, “तू डॉक्टरीन हायस, तुजं आयकंल तर बघ. आमाला तर म्हनती, मला अशीच राहू द्या.”

दुपारची जेवणं झाली. दादा टँकर कुठवर आला ते बघायला गेला. वहिनीने स्वयंपाकघर सारवलं आणि तान्ह्या पोरीला घेऊन शेजारच्या घरी गेली. मावशी पुढच्या खोलीत बाजेवर झोपलेली. मी मागच्या बाजूला भांडी घासत होते.

आतून सुपाचा आवाज यायला लागला. पाखडायचा. फट्... फट्...

मी खिडकीतून डोकावले. ओल्या जमिनीवर मावशी उकिडवी बसली होती. पाठ माझ्याकडे. तेच हिरवं लुगडं, तोच विरळ अंबाडा. टाचा जमिनीला टेकलेल्या, मांड्या पोटऱ्यांवर चेपलेल्या. परीक्षेत विचारलं असतं तर मी लिहिलं असतं – गुडघे पूर्ण वाकलेले, हालचाल वेदनारहित.

खरं सांगते, मला आधी राग आला. ही सगळ्यांना फसवतेय? मग एक्स-रे आठवला.

“मावशी,” मी हाक मारली.

सूप थांबलं. मान वळली नाही. ती फक्त ऐकत राहिली... मी तिथे आहे हे कळल्यासारखी.

स्वयंपाकघरात जायची वाट पुढच्या खोलीतूनच आहे. मी घराला वळसा घालून धावत आत आले. मावशी बाजेवर होती. पाय सरळ, तोंड उघडं, हलकं घोरणं. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. सूप जमिनीवर, आणि त्यामागे ओल्या सारवणात दोन पावलं उमटलेली, जवळजवळ, टाचांकडे खोल. उजव्या पावलाचा अंगठा शेजारच्या बोटावर चढलेला. आमवाताने मावशीची बोटं तशीच झालीत. ते पाऊल मी शंभर पावलांतून ओळखेन.

बाजेपाशी येऊन मी तिच्या तळव्याला हात लावला. माझ्या बोटांना ओलं शेण लागलं.

तिने डोळे उघडले. “बघितलंस व्हय तिला?”

“कुणाला?”

“वरडू नगंस. गुडघं धरलं तवा ती भाईर पडली. माजा डोळा लागला की उठती, कामं करती. बसायची लय हौस तिला.” मावशी छताकडे बघत बोलत होती. “म्हनून तुजं आपरेशन नगं मला, आशे. गुडघं मोकळं केलंस की ती आत यील. मग मी कुटं जाऊ?”

मी काय केलं? जे पत्रकात लिहिते तेच केलं. दुखण्याने खचलेलं मन, अर्धवट झोप, उन्हाने भिरभिरलेलं माझं डोकं... तिला समजावलं, स्वतःलाही समजावलं. शेण लागलेला हात धुऊन टाकला. आणि शेवटी म्हणाले, “नातीला मांडीवर घ्यायचं नाही का तुला?”

ताठ पायांवर पोर ठरत नव्हती, घसरायची. मावशीने मांडीवरून हात फिरवला. मग म्हणाली, “एकदा तरी घ्यायचीया.”

ऑपरेशन झालं. व्यायामाच्या वेळी ती माझ्या नावाने शंख करायची. “सटवे, कशाला आनलंस मला हितं?” – आणि मला बरं वाटायचं, कारण शिव्या माझ्या मावशीच्याच होत्या. गुडघे खुर्चीपुरते वाकायला लागले. सर खूश झाले. नाव न घालता मी तिच्यावर नवं पत्रकसुद्धा लिहिलं.

घरी नेल्यावर काही आठवड्यांनी दादाचा फोन आला. “आशे, आई उकिडवी बसती. चुलीम्होरं. चालतंय का तसं?”

चालत नाही. होऊच शकत नाही. मी मिळेल त्या एस्टीने गेले.

ती स्वयंपाकघरात बसलेली, सूप हातात. फट्... फट्... मला बघून हात न टेकता सरळ उभी राहिली. मी तिला बसवून मांडीचा घेर टेपने मोजला. स्नायू होता तेवढाच वाळलेला. त्या मांडीने कुणाचंही वजन उचललं जाणार नाही. माझ्या हाताखाली गुडघे गार होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या गुडघ्यांकडे बघत होती.

“आता तुजी मावशी बरी हाय न्हवं?” ती म्हणाली.

मी सरांना व्हिडिओ पाठवला. निळ्या खुणा लगेच दिसल्या. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं – ‘तिला असं बसू देऊ नका.’ एवढंच. पुढे कधी त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही.

ऑपरेशन चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. हे वाचून कुणी ते टाळलं, किंवा पुडीवाल्याकडे गेलं, तर गाठ माझ्याशी आहे. उपचार घ्याच. पण जे झालं ते मी लपवणारही नाही.

ती नातीला हात लावत नाही. जवळ गेली की पोर कळवळून रडते. आणि पुढच्या खोलीतली बाज... तिच्यावर आता कुणी मोठं माणूस झोपत नाही. तरी वहिनी वाकळ झटकून ताणून घालते आणि दुपारपर्यंत तिच्यात दोन चर पडलेले असतात. लांब, सरळ, शेजारी शेजारी, कुणी ताठ पाय पसरून पडल्यासारखे.

मागच्या खेपेला मी विचारलं, “वहिनी, पोर कुठाय?”

तिने बाजेकडे बोट दाखवलं. पोर त्या दोन चरांच्या मधोमध गाढ झोपली होती.

“दुसरीकडं झोपतच न्हाई,” वहिनी हळूच म्हणाली. “आनि आता घसरत बी न्हाई.”

मी वाकळीवर हात ठेवला. ती जागा उबदार होती. स्वयंपाकघरातला सुपाचा आवाज मात्र तेवढ्यात थांबला.